फोटोची डावी बाजू

कात्रीकाकांना खरं काय ते कळून एकोणीस दिवस झाले होते आणि एकोणीस दिवस ते मूग गिळून बसले होते. सकाळी चहाचा कप हातात घेतला की मन खायला लागायचं, ते दुपारी आडवं होईपर्यंत खात राहायचं. झोपेत तेवढी सुटका; पण दुपारची झोप ती कितीशी लागणार?

त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही आता चटकन आठवलं नसतं. सत्तावीस वर्षं त्यांनी एका मोठ्या वर्तमानपत्रात फोटो कापायचं काम केलं होतं. छायाचित्रकार टेबलावर आणून टाकायचे तो नुसता पसारा असायचा: अर्धं आभाळ, कुणाचं तरी कोपर, मध्येच आडवी गेलेली मोटारसायकल. काका त्यातून बातमी तेवढी कापून काढायचे. ‘फोटोत कामाचं तेवढंच ठेवायचं, बाकी वाचकाच्या डोक्याला ताप,’ हे वाक्य प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकावं लागे. आधी हातात खरी कात्री होती, मग संगणक आला, नाव मात्र तेच राहिलं. पुढे एके दिवशी संपादकसाहेबांनी बोलावून खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, की हल्ली वार्ताहरच आपापले फोटो कापतात, तुम्ही आता आराम करा. कात्रीलाच कापलं, असं म्हणून कचेरीतल्या टवाळांनी चार दिवस मजा करून घेतली.

आराम काकांना मानवला नाही. दोन महिने ते घरात बायकोच्या पायात पायात आले. मग भाचीनं कंटाळून त्यांना एक ब्लॉग काढून दिला. ब्लॉग ही तेव्हा नवी नवलाई होती. जो तो उठत होता आणि ब्लॉग काढत होता. कुणी आपल्या मांजरावर लिही, कुणी जगाला शहाणपण शिकवी. काकांनी आपल्या भागातल्या बातम्यांसाठी काढला आणि नाव ठेवलं ‘चार डोळे’. बातमी कुणीही पाठवावी, मात्र ती आणखी एकानं पाहिलेली असली पाहिजे. पाठवणाऱ्याचे दोन डोळे, साक्षीदाराचे दोन. साक्षीदार मिळेपर्यंत बातमी थांबणार. आणि चूक झालीच, तर ती त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्त होणार. सातव्या पानाच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत नाही. हा शेवटचा टोमणा कुणाला होता ते सांगायची गरज नव्हती.

लोकांना हे प्रकरण भलतंच आवडलं. टपालवाला लिहायला लागला, शाळेतल्या बाई लिहायला लागल्या, आयुष्यात अर्जापलीकडे काही न लिहिलेली माणसं फुटलेल्या पाइपावर तीन-तीन परिच्छेद पाठवू लागली. त्यांतला सगळ्यांत पक्का माणूस म्हणजे ‘तिसरा गिअर’. हे अर्थातच टोपणनाव. हा कोण, काय करतो, काकांना ठाऊक नव्हतं. पण तो दिवसभर रस्त्यावर असावा, कारण कुठल्याही बातमीला साक्षीदार लागला की काका त्याला मेल टाकायचे आणि संध्याकाळपर्यंत एक ओळ हमखास यायची: ‘पाहिलं. खरं आहे.’ कधी यायची: ‘पाहिलं. खड्डा एकच आहे, तीन नाहीत.’ काका त्याला माझा उजवा हात म्हणायचे, हात कधी बघितलेला नसतानाही.

तर त्या मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला खालच्या गल्लीतल्या शिवणवाल्या ताईंची मेल आली. ताईंनी नुकताच कॅमेऱ्याचा फोन घेतला होता आणि त्या दिसेल त्याचा फोटो काढत होत्या. या फोटोत शाळेची छोटी बस रस्त्याच्या कडेला उभी होती. खिडक्यांना मुलांचे चेहरे चिकटलेले. चालकाची जागा रिकामी. बसच्या मागे दारूचं दुकान, त्याची लाल पाटी. डावीकडे औषधांचं दुकान आणि त्याच्या काउंटरशी एक पाठमोरं गिऱ्हाईक. ताईंनी खाली लिहिलं होतं, ‘काका, बस बराच वेळ उभी होती. चालक नव्हता. मुलं आत एकटी. काय झालं असेल? कुणाला माहीत असेल तर विचारा ना.’

ब्लॉगच्या चौकटीत आडवा फोटो बसत नसे. कापायला तर हवाच होता. काकांनी एक नजर टाकली आणि सत्तावीस वर्षांच्या सवयीनं हात चालला. औषधांचं दुकान गेलं, पाठमोरं गिऱ्हाईक गेलं. राहिली बस, मुलांचे चेहरे, रिकामी जागा आणि लाल पाटी. बातमी अशी झळझळीत वर आली, की काकांना कचेरीतले दिवस आठवले आणि बरं वाटलं. त्याच बरं वाटण्याच्या भरात त्यांनी ताईंचा प्रश्न काढून टाकला आणि मथळा दिला, ‘मुलं बसमध्ये, चालक दारूच्या दुकानात’.

साक्षीदाराचं काय, हा विचार मनात आला नाही असं नाही. पण फोटोच समोर असताना आणखी साक्षीदार कशाला? फोटो म्हणजेच दुसरे दोन डोळे, असं त्यांनी स्वतःला पटवलं. तिसऱ्या गिअरला विचारता आलं असतं. पण तो संध्याकाळच्या आत उत्तर द्यायचा नाही, आणि संध्याकाळपर्यंत दम कुणाला होता? साडेदहाला बातमी प्रसिद्ध झाली.

तासाभरात लोकांनी ती डोक्यावर घेतली. प्रत्येक प्रतिक्रिया आधी काकांकडे यायची आणि त्यांनी बटण दाबलं की ब्लॉगवर दिसायची. काका धडाधड बटण दाबत होते. एकीनं लिहिलं, ‘ही बस तिथं रोज थांबते.’ एकानं लिहिलं, ‘त्याच्या तोंडाला वास येतोच.’ आणखी एकानं तर त्याला बाटली लपवत बाहेर येताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आठ प्रतिक्रिया झाल्या. नववी अकरा चाळीसला आली, तिसऱ्या गिअरची.

‘काका, फोटो एवढाच आहे का?’

काकांचं बोट बटणावर थांबलं. त्यांनी मूळ फोटो उघडला, डावी बाजू मोठी केली, आणखी मोठी केली. पाठमोऱ्या गिऱ्हाइकाच्या अंगात निळा शर्ट होता. बाहीवर पिवळी पट्टी. अशीच निळा शर्ट, पिवळी पट्टी घातलेली माणसं ते रोज सकाळी बाल्कनीतून बघायचे, मुलांना हात धरून बसमध्ये चढवताना. त्या माणसाच्या एका हातात पाण्याची बाटली होती आणि दुसरा हात औषधवाल्यापुढे पसरलेला होता. ज्याच्यावर बातमी होती, त्यालाच काकांनी बातमीतून कापून टाकला होता.

अजून काही बिघडलं नव्हतं; पूर्ण फोटो टाकायचा, मथळा बदलायचा, दोन ओळींत माफी मागायची, पाच मिनिटांचं काम. त्यांनी माउस हातात घेतला आणि फोन वाजला.

फोनवर संपादकसाहेब होते, खांद्यावर हात ठेवणारे. “कात्री, अहो काय बातमी काढलीत! आमचे चार वार्ताहर झोपा काढतायत आणि तुम्ही घरबसल्या... उद्या पहिल्या पानावर घेतोय. तुमच्या ब्लॉगच्या नावासकट. चालेल ना?”

सांगायला तोंड उघडलं होतं काकांनी. खरंच उघडलं होतं. पण त्यातून बाहेर पडलं ते, “हो हो, घ्या ना.”

बुधवारी बातमी पहिल्या पानावर आली. गुरुवारी बसच्या कंत्राटदारानं चालकाला कामावरून काढलं. ‘चार डोळे’वर प्रतिक्रियांचा आकडा चारशेबारावर गेला. रस्त्यात अनोळखी माणसं काकांचा हात हातात घेऊन हलवू लागली आणि काका हसून दुसरीकडे बघू लागले. तिसऱ्या गिअरची ती एक ओळ तेवढी यादीत अडकून राहिली. प्रसिद्ध करायचा धीर नव्हता, पुसून टाकायचाही नव्हता. त्यानंतर त्याची एकही मेल आली नाही. रुसला असेल, असं काकांनी ठरवून टाकलं आणि त्याला विचारायचं टाळलं.

एकोणिसाव्या दिवशी शिवणवाल्या ताई पडदे घेऊन आल्या. पडदे काकूंच्या हातात दिले, पण पाय काही निघेना.

“काका, माझ्या फोटोत औषधांचं दुकान पण होतं ना हो? माझ्या फोनमधून तो पुसला गेला, म्हणून विचारते.”

“असेल. का?”

“माझ्या एका गिऱ्हाईक बाईंची पोरगी होती त्या बसमध्ये. चार वर्षांची आहे. ती म्हणते, मला उलटी झाली आणि दादा पाणी आणायला गेला. पहिल्या दिवसापासून तेच सांगतेय म्हणे. आधी कुणी लक्षच दिलं नाही. चालकही तेच सांगत होता, तर लोक म्हणाले, पिणारा माणूस दुसरं काय सांगणार! औषधवाल्याला विचारलं, तर तो म्हणतो दिवसाला शंभर माणसं येतात, कुणाकुणाची तोंडं लक्षात ठेवू.” ताईंचा आवाज बारीक झाला. “मी नुसतं विचारलं होतं हो काका. काय झालं असेल, एवढंच विचारलं होतं.”

“बघावं लागेल,” काका म्हणाले.

ताई गेल्या. काकूंनी पडदे खुर्चीवर ठेवले आणि त्या काकांच्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या.

“बघा की मग.”

“बघतो ना उद्या.”

“आत्ता बघा. मलाही बघायचाय.”

सदतीस वर्षांच्या संसारात हा आवाज काकूंनी फार तर चारदा काढला असेल. काकांनी फोटो उघडला. काकूंना चष्मासुद्धा लावावा लागला नाही. त्यांनी स्क्रीनच्या डाव्या कडेला बोट ठेवलं.

“हा कोण?”

“गिऱ्हाईक आहे कुणीतरी.”

“निळ्या शर्टातलं?”

काकांनी फोटो लहान केला.

“तुम्हाला कधी कळलं?”

काकांनी खुर्ची मागे सरकवली, आणि काकूंना काय ते पोचलं. मग म्हणाल्या, “कुणाची तरी भाकरी काढून घेतलीत आणि तीन आठवडे माझ्यासमोर बसून जेवताय. घास उतरतो कसा हो तुमच्या घशाखाली?” आणि पडदे उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी लिहायला घेतलं. चारदा लिहिलं, चारदा पुसलं. शेवटी जे राहिलं त्याचा मथळा होता ‘माझी चूक’, अक्षरं जुन्या बातमीएवढीच मोठी, आणि खाली पूर्ण फोटो, डाव्या बाजूसकट. फोटो मी कापला, मथळा मी दिला, साक्षीदार मी विचारला नाही, असं सगळं त्यांनी लिहिलं. फक्त एका जागी लिहिलं, ‘मूळ फोटो नुकताच पुन्हा पाहण्यात आला, तेव्हा ही गोष्ट लक्षात आली.’ त्या ‘नुकताच’पाशी ते थोडे अडखळले. मंगळवार दुपार, नववी प्रतिक्रिया, संपादकांचा फोन, हे सगळं कशाला उगाळायचं? चालकाचं नाव साफ झालं म्हणजे झालं. बाकी वाचकाच्या डोक्याला ताप.

तासाभरात प्रतिक्रिया आल्या. ‘काका, तुमच्या प्रामाणिकपणाला सलाम.’ ‘अशी माणसं आता राहिली नाहीत.’ ज्यानं चालकाला बाटली लपवताना पाहिलं होतं, त्यानं लिहिलं, ‘चुका सगळ्यांच्याच होतात, मनाला लावून घेऊ नका.’ त्यांतल्या एकानंही चालकाचं आता कसं चाललंय, असं विचारलं नव्हतं. संपादकसाहेबांचाही फोन आला. ते सातव्या पानावर दोन ओळी टाकणार होते. काकांना हलकं वाटायला हवं होतं. उलट प्रत्येक सलामागणिक ते खुर्चीत खाली खाली घसरत गेले.

अखेर त्यांनी तो मजकूर छापून घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि ताईंकडून पत्ता घेऊन चालकाला शोधत निघाले. चालक घरी नव्हता. मोटारी धुण्याच्या एका शेडमध्ये त्याला काम मिळालं होतं. पंचेचाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस, पायात रबरी बूट, हातात पाण्याची नळी. काकांना पाहिल्यावर त्यानं नळी खाली ठेवली.

“तुम्ही कात्रीकाका ना? वर्तमानपत्रात फोटो आला होता तुमचा.”

काकांनी तयार करून आणलेलं वाक्य बाजूला ठेवलं. त्यांनी नुसता कागद पुढे केला. चालकानं दोन्ही हात पँटला पुसले, कागद भिजू नये म्हणून कडांना धरला आणि सावकाश वाचायला सुरुवात केली. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा वरपासून वाचला. पलीकडे कुणीतरी गाडीचं दार आपटलं. काका तोवर जमिनीवरच्या साबणाच्या फेसाकडे बघत होते.

“छान लिहिलंय,” चालक म्हणाला. “लोक म्हणतील, मन मोठं आहे काकांचं.”

“म्हणतायत,” काका बोलून गेले आणि जीभ चावली.

चालकानं कागदाची होती तशी घडी घातली. परत देताना त्यानं पहिल्यांदाच काकांच्या डोळ्यांत पाहिलं.

“काका, एवढंच आहे का?”

काकांच्या कानांत एकदम काहीच ऐकू येईना. पाण्याच्या नळ्यांचा आवाज, गाड्यांचा आवाज, सगळं लांब गेलं. वीस दिवस तो प्रश्न त्यांच्या संगणकात पडून होता आणि आता तोंडासमोर उभा होता, रबरी बूट घालून.

“तिसरा गिअर?” त्यांनी कसंबसं विचारलं.

“आमच्या बसचा तिसरा गिअर नेहमी अडायचा. म्हणून घेतलं ते नाव.” तो जरासा हसला सुद्धा. “एरवी संध्याकाळी नेट कॅफेत बसायचो मी. त्या दिवशी शाळेच्या ऑफिसात बाईंनी दाखवलं. त्यांच्याच संगणकावरून लिहिलं मी. म्हटलं, मीच सांगितलं की तो मी नव्हे, तर कोण ऐकणार? त्यापेक्षा काकांना विचारू. काका साक्षीदाराशिवाय छापत नाहीत. विचारलं की मोठा फोटो काढून बघतील. दोन दिवस वाट बघितली मी. घरी बायकोलाही सांगत होतो, थांब जरा, काका बघतायत.”

काकांनी हातातला कागद खिशात सारला.

“मिळालं होतं का तुम्हाला ते?” चालकानं विचारलं. “का मध्येच कुठं गेलं?”

पळवाट समोर उघडी होती. इंटरनेटचा काय भरवसा, कितीतरी गोष्टी मध्येच कुठं जातात. नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं.

“मिळालं होतं,” काका म्हणाले. “त्याच दिवशी. मी मूळ फोटो उघडून बघितलाही होता. शर्ट ओळखला होता तुमचा.”

चालक ओरडला असता, त्यानं हाकलून दिलं असतं, तर काकांना बरं वाटलं असतं. तो नुसता “बरं” म्हणाला आणि नळी उचलायला वाकला.

“मी कंत्राटदाराकडे जातो, आजच. फोटो दाखवतो. तुम्हाला परत घ्यायलाच लावतो.”

“जा ना. दाखवा.” पाणी पुन्हा सुरू झालं होतं, त्यामुळे त्याला आवाज चढवावा लागला. “पण आया पोरांना माझ्या हाती सोपवतील का, ते त्याला कुठं ठरवता येणार? वर्षभर एकेका पोराला हात धरून चढवलं, तेव्हा कुठं आया निर्धास्त झाल्या होत्या. बाजूला व्हा काका, पाणी उडेल.”

कंत्राटदारानं फोटो पाहिला, मान डोलावली आणि “बघू” म्हणाला. त्या ‘बघू’चा अर्थ काकांना चांगला ठाऊक होता, कालपर्यंत तो त्यांचाच शब्द होता. तिथून ते घरी आले आणि चपला काढून सरळ संगणकासमोर बसले. यादीत ती ओळ होती तिथंच होती. ‘काका, फोटो एवढाच आहे का?’ त्यांनी बटण दाबलं.

ब्लॉगवर प्रतिक्रिया आलेल्या वेळेप्रमाणे लागत. त्यामुळे ती ओळ सगळ्यांच्या खाली न जाता मुकाट्यानं आपल्या जागी जाऊन बसली: मंगळवार, अकरा चाळीस, आठ जणांच्या खाली आणि चारशेचार जणांच्या वर. ज्याला डोळे होते त्याला आता दिसत होतं, की प्रश्न कधी विचारला गेला होता. मग काकांनी माफीचा मजकूर उघडला, ‘नुकताच’ खोडला आणि तिथं लिहिलं, ‘त्याच मंगळवारी दुपारी’. संपादकांचा फोन लिहिला. आपण “हो हो, घ्या ना” म्हणालो तेही लिहिलं. दारात उभं राहून काकू बघत होत्या. त्यांनी चहाचा कप आणून शेजारी ठेवला.

मग काकांनी जुन्या सवयीनं तिसऱ्या गिअरला मेल टाकली. ‘माझी बातमी तपासून द्याल का? साक्षीदार हवा आहे.’

पहिली नवी प्रतिक्रिया पंधरा मिनिटांत आली. ‘काका, मग एकोणीस दिवस काय करत होतात?’ काकांनी ती दोनदा वाचली आणि प्रसिद्ध केली. पुढची त्याहून कडक होती. तीही केली. सकाळी सलाम ठोकणाऱ्यानं सलाम परत मागितला होता. तोही दिला. संध्याकाळपर्यंत अशा सव्वीस आल्या आणि काकांनी एकही अडवली नाही.

‘पाहिलं. खरं आहे,’ ही एक ओळ तेवढी आली नाही.